आडी महिन्यात लागलेला सिनेमा

३ जुलै १९९९, शनिवार. सकाळपासून मी टाइपरायटर साफ करत बसले होते. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून अक्षरांचे दांडे घासायचे, पोकळ अक्षरांच्या पोटात वाळलेली शाई टाचणीने उकरायची, मग सुती फडक्याने कोरडं करायचं. एकूण अकरा यंत्रं. त्यांतल्या सातांना गेले कित्येक महिने कोणी हात लावला नव्हता, पण धूळ काही विद्यार्थी मोजून बसत नाही. अकराही साफ करावी लागतात.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आहे आणि घराचा पुढचा हॉल म्हणजे माझा टायपिंगचा क्लास. वीस वर्षं चालवला. आमच्या भागातल्या कचेऱ्यांत गेलं तर निम्म्या टेबलांवरून कोणीतरी उठून ‘मिस, बसा’ म्हणतं, इतके लोक माझ्या हाताखालून गेले. मग संगणक आले आणि मुलं यायची थांबली. यात कोणाचा दोष नव्हता.

पुढच्या गुरुवारी सासऱ्यांचं श्राद्ध होतं. त्या दिवशी माझे थोरले दीर कोइमतूरहून येतात, जेवणं झाली की दोघे भाऊ ऊंजलीवर, म्हणजे झोपाळ्यावर बसतात आणि घराचे वर्षाचे निर्णय होतात. या वर्षीचा निर्णय पोस्टकार्डाने आधीच येऊन पडला होता. टीव्ही-फ्रिज विकणाऱ्या एका दुकानदाराला शाखेसाठी जागा हवी आहे, टायपिंग आता कोण शिकतं, हॉल त्याला देऊन टाकू, असं भावजींनी लिहिलं होतं. कार्डावर माझ्यासाठी वेगळी ओळ नव्हती. आमच्या यजमानांनी ते वाचून माझ्या हातात दिलं आणि ‘तू बघ’ म्हणाले. ते प्रत्येक गोष्टीला ‘तू बघ’ म्हणतात. त्याचा त्रास होतो तसा फायदाही होतो.

मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. पोंगल झाल्यावर एक संगणक विकत घेतला होता. तो शिकवायचा म्हणून तीन आठवडे शिकूनही आले होते. पण खरी गोष्ट सांगायची तर मी त्या यंत्राला भीत होते. एक चुकीचं बटण दाबलं की सगळं पुसलं जाईल, असं वाटायचं. शिकवणाऱ्या बाईचे हात कापत असले की विद्यार्थ्यांना लगेच कळतं. दोन मुली आल्या होत्या. दोघीही बस स्टँडजवळच्या मोठ्या क्लासला गेल्या.

भीती घालवली ती एका खेळाने. यंत्र जोडून देणाऱ्याने एक सीडी फुकट दिली होती. त्यात सिनेमाचा स्टुडिओ चालवायचा होता. गोष्ट निवडायची, दिग्दर्शक ठेवायचा, नटनट्या घ्यायच्या, सेट उभारायचे आणि कोणत्या महिन्यात चित्रपट लावायचा ते ठरवायचं. मग पडद्यावर एक छोटंसं थिएटर येई. चित्रपट चालला तर त्याच्यासमोर रांग लागे, पडला तर एक कुत्रं येऊन बसे. वर्षाच्या शेवटी पाच स्टुडिओंची क्रमवारी लागायची. आमचा नेहमी पाचवा. अगदीच बुडालं की स्टुडिओच्या फाटकाला कुलूप लागलेलं चित्र यायचं.

तिघी खेळायचो: मी, माझी पंधरा वर्षांची मुलगी आणि अक्का. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, भावजींहूनही थोरली. लग्न केलं नाही, ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत नोकरी केली, निवृत्त होऊन आमच्यात राहायला आल्या. खेळ एकच, पण तिघींना त्यातून हवं ते वेगळं होतं. मुलीला चित्रपटांना नावं द्यायला आवडायचं. नाव झकास जमलं की तिचं काम संपलं; पुढे चालो की पडो. अक्कांचं निराळंच. खेळात नट्या म्हाताऱ्या होत आणि यादीतून गळत. अक्का त्यांना गळूच देत नसत. साठीच्या नटीला नायिकेचं काम देत आणि म्हणत, “अठ्ठावन्नाला घरी बसवतात का कोणाला? मेले.” मग ते कुत्रं येऊन बसे. अक्कांना त्याचं काही वाटत नसे.

मला ठरवायला आवडायचं. घर मी वीस वर्षं चालवत होते, पण ठरवायचे दुसरे आणि करायची मी. इथे मी ठरवायचं, आणि बरोबर की चूक ते पाच मिनिटांत दिसायचं. आणखी एक. बुडालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता यायचं. घरात एकदा लोणचं बिघडलं तरी तीन पिढ्या आठवण काढतात. स्टुडिओ चार वेळा बुडाला आणि कोणी चकार शब्द काढला नाही. पाचव्यांदा सुरू करताना माझ्या लक्षात आलं, की बटणं दाबताना आपले हात कापत नाहीत.

त्या शनिवारी टाइपरायटर उरकून मी हात धुतले आणि संगणकापाशी आले. सहाव्यांदा स्टुडिओ बुडायच्या बेतात होता. मुलगी शेजारी पेरू खात होती.

“अम्मा, बाकीचे चौघे काय करतात बघितलंस का? सगळे मोठे चित्रपट जुलैत लावतात.”

“जुलैत? आडीत?”

आमच्याकडे तमिळ पंचांग चालतं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आडी महिना. त्यात लग्न नाही, गृहप्रवेश नाही, नवं दुकान नाही, नवं काहीच नाही. मी सहाही खेपांना आडी सोडून दिली होती आणि मोठा चित्रपट दिवाळीला, म्हणजे नोव्हेंबरात, लावला होता. दिवाळीला नाही तर कधी लावायचा? त्यात विचार करण्यासारखं काही आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. अक्कांनीही तेच केलं होतं.

“अम्मा, हा खेळ अमेरिकेतला आहे. तिथे आडी नसते. तिथे तेव्हा शाळांना सुट्टी असते.” तिने पेरूची फोड माझ्यापुढे धरली. “सगळे रिकामेच असतात, मग सिनेमाला जातात.”

अक्का तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, भाजी निवडत होत्या. तिथूनच ओरडल्या, “आडीत आरंभ करू नको गे! खेळातसुद्धा नको!”

मी जुलै निवडला. थिएटर आलं. रांग लागली, ती वळून पडद्याच्या कडेबाहेर गेली. पोरीने टाळ्या पिटल्या. अक्का भाजीची सुपली हातात घेऊनच आत आल्या आणि बघतच राहिल्या. वर्षाच्या शेवटी क्रमवारी लागली. आम्ही दुसऱ्या. पुढच्या वर्षी पुन्हा जुलै, आणि आम्ही पहिल्या. चाळिशी उलटलेल्या बाईने खेळात जिंकून खुर्चीवरून उठून उभं राहू नये, पण मी राहिले.

उभी राहिले तेव्हा खिडकीतून समोरचं घर दिसलं. समोरच्यांची मुलगी तिण्णैवर पाय हलवत बसली होती. वैशाखात लग्न झालेलं, पदवी झालेली. दोन आठवडे आधीच माहेरी आली होती, आडीसाठी. आमच्या गावात नव्या नवरीला पूर्ण आडी माहेरी ठेवतात. त्या महिन्यात दिवस राहिले तर बाळंतपण चैत्राच्या उन्हात येतं, म्हणून ही सोय. तमिळांची रीत, आमच्या मराठी घरांनीही उचललेली. म्हणजे दर आडीत गावभर शिकलेल्या मुली महिनाभर माहेरच्या ओट्यावर पाय हलवत बसलेल्या असतात. वीस वर्षं मी तो महिना क्लास बंद ठेवून पापड लाटत आले होते.

मी अक्कांना सांगितलं. नव्याने लग्न झालेल्या मुलींसाठी एक महिन्याचा संगणकाचा वर्ग, आडीभर.

“आणि आडीत आरंभ? कोण आई पाठवील?”

त्याचं उत्तर कॅलेंडरवर होतं. आडी लागत होती शनिवारी, सतरा तारखेला. आदला दिवस शुक्रवार, म्हणजे आडीच्या आधीच्या ‘आणी’ महिन्याचा शेवटचा दिवस. मुली आडी लागण्याआधी माहेरी पोचतातच. शुक्रवारी एक तास शिकवायचं, म्हणजे आरंभ आणीत झाला. आडीत नुसतं चालू ठेवायचं. चालू ठेवायला कोणाची ना नाही. अक्कांनी कॅलेंडर हातात घेऊन दोनदा पाहिलं. चाळीस वर्षं कचेरीत काढलेल्या बाई. कागदावर बसलं की त्यांना पटतं.

“वेळ बरी बघून घे,” म्हणाल्या. “राहुकाळ साडेदहाला. त्याआधी.”

रविवार ते बुधवार मी घरोघर हिंडले. कोणाकडे मुलगी यायची आहे हे मला विचारावं लागलं नाही. लग्नांना मीच जेवून आले होते. बहुतेक आया माझ्याकडेच टायपिंग शिकलेल्या. तरी अडून बसायच्या.

“मिस, सासरचे काय म्हणतील? आराम करायला पाठवली तर क्लासला धाडली म्हणतील.”

“परत जाताना संगणक शिकून जाईल. त्यांच्या शेजारणीला सांगता येईल. आणखी काय पाहिजे त्यांना?”

“आणि जावई?”

“जावयाला महिनाभर पत्रं जातीलच ना? छापून जातील.”

ती आई इतकी हसली की आतून तिची सासू बघायला आली. सही झाली. बुधवारी संध्याकाळपर्यंत वहीत सतरा नावं होती, प्रत्येकीच्या आईची सही घेतलेली. यंत्र जोडून देणाऱ्याकडून महिन्यासाठी आणखी दोन संगणक भाड्याने ठरवले. सतरा मुली, तीन यंत्रं, कोण कधी बसणार याचा तक्ता मी अर्ध्या तासात आखला. चार-पाच महिने नटनट्यांच्या तारखा जुळवल्या होत्या; मुली त्यांच्यापेक्षा सोप्या.

गुरुवारी श्राद्ध झालं. स्वयंपाक मी आणि अक्कांनी केला, सगळं वेळेवर झालं. अडीचच्या सुमाराला भावजी ऊंजलीवर बसले, शेजारी आमचे यजमान. मी विडे घेऊन गेले.

“दुकानदाराला या महिन्यातच उत्तर हवंय,” भावजी म्हणाले. “टाइपरायटर भंगारवाला घेईल. आणि काय गं, तू त्या संगणकावर सिनेमाचे खेळ खेळतेस म्हणे?”

“खेळते. पहिली आले.”

“वा! आणि क्लासात कितवी?”

मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नावं वाचली, सह्या पाहिल्या, पान उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं.

“ही सगळी नव्या लग्नाची पोरं दिसताहेत.”

“आडीचा वर्ग आहे.”

“आडीत?” त्यांनी झोपाळा थांबवला. “आडीत कोणी आरंभ करतं का?”

“आरंभ शुक्रवारी, सोळाला, दहाच्या आत. आणीत,” अक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. “कॅलेंडर वाचता येतं ना रे तुला? का ते पण दुकानदारच वाचून दाखवतो?”

यजमान विडा चघळत होते. ते म्हणाले, “हॉल असू दे.” त्या दिवशी ‘तू बघ’ म्हणाले नाहीत.

भावजींनी सह्या पुन्हा एकदा मोजल्या. मग वही बंद करून माझ्या हातात दिली. “त्याला नाही म्हणून लिहितो. पण सतरा म्हणजे सतरा. पाचच आल्या तर पोंगलला पुन्हा बोलू.”

“बोलू,” मी म्हटलं.

चहाच्या वेळी ते हॉलमध्ये डोकावले. काय तो खेळ, दाखव, म्हणाले. मुलीने बसवलं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी दोन दिग्दर्शक काढून टाकले आणि स्टुडिओला स्वतःचं नाव दिलं. तेव्हा मला कळलं, की ते कोइमतूरच्या गिरणीत मॅनेजर कसे झाले होते. मग महिना निवडायची वेळ आली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगू नको.

भावजींनी दिवाळी निवडली. ठामपणे.

कुत्रं येऊन बसलं. “हे काय? हे कोणाचं कुत्रं?” भावजी म्हणाले. अक्का पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. भावजींनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा दिवाळी. बसची वेळ टळली, ते राहिले. दिवेलागणीला त्यांच्या फाटकाला तिसऱ्यांदा कुलूप लागलं होतं आणि ते मुलीशी भांडत होते, की खेळ सदोष आहे, दिवाळीला न चालणारा चित्रपट जगात असूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून मी सात टाइपरायटरांवर झाकणं घातली आणि मुलीच्या मदतीने ते एकेक करून मागच्या खोलीत नेले. चार हॉलमध्ये ठेवले, कारण सरकारी परीक्षा अजून टायपिंगची घेतात. मोकळ्या भिंतीशी लांब बाक लावला, दोन जादा संगणकांसाठी विजेचा बोर्ड बसवायला वायरमनला निरोप धाडला. मग भावजींना इडली वाढली आणि नऊच्या बसला पाठवून दिलं.