माझ्या गाण्यात मोडलेल्या खाऱ्या

बोरिवलीला आमच्या एका काकांकडे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही आठ जण गाणी ऐकायला जमायचो. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या हॉलमध्ये रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक, सीडी प्लेअर आणि मोबाइल जोडायची वायर असं चार पिढ्यांचं एकत्र कुटुंब एका शोकेसमध्ये नांदत होतं. नियम सोपे होते. प्रत्येकानं एकच गाणं आणायचं, कुणाचं ते आधी सांगायचं नाही आणि गाणं चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. खारीबद्दल मात्र नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

काकी टीपॉयवर खारीची ताटली ठेवायच्या. खालच्या बेकरीतली, सकाळच्या भट्टीची. खारीचा स्वभाव असा की ती गुपचूप खाता येत नाही. मोडली की आख्ख्या हॉलला कळतं. पहिल्याच वर्षी एकदा गाणं संपल्यावर काकांच्या लक्षात आलं की अख्ख्या गाण्यात एकही खारी मोडली नाही. त्यांनी नुसतं "पुन्हा" म्हटलं आणि तेच गाणं परत लावलं. तेव्हापासून रीतच पडली. गाणं चालू असताना कुणी खारी मोडली तर तो काही अपमान नव्हे. गाणं संपतं, पुढचा उठतो. पण एकही मोडली नाही, तर "पुन्हा".

नऊ वर्षांत माझ्या वाट्याला एकदाही "पुन्हा" आलं नव्हतं.

इतरांना यायचं. कांजूरमार्गहून आमचा एक मित्र यायचा. दोन रिक्षा आणि एक बस बदलून, रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून छातीशी धरून. त्याला वर्षातून दोन-तीनदा तरी "पुन्हा" मिळायचंच. वर्सोव्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, कोळीवाड्यातल्या. त्या येताना काकींसाठी सुके बोंबील आणायच्या आणि जाताना "पुन्हा" घेऊन जायच्या. माझ्या गाण्यात मात्र मुखडा संपायच्या आत पहिली खारी मोडायची. अंतऱ्यापर्यंत कुणीतरी तुकडा चहात बुडवलेला असायचा. एकदा शेवटच्या ओळीला काकांनी ताटलीतला चुरा बोटानं गोळा केलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

दोष माझाच होता, आता कळतं. मला वाटायचं की गाणं असं आणावं जे कुणी कधी ऐकलेलंच नसेल, म्हणजे लोक म्हणतील, काय व्यासंग आहे. एकदा मी कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या मच्छीमारांची समूहगीतं आणली होती. आल्बमच्या पाठीमागची माहिती पाठ करून गेलो होतो. शिक्षिकाबाईंनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याच्यापेक्षा आमच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव सुरात असतो."

घरी आलं की बायको दार उघडताना विचारायची, "आज किती खाऱ्या?"

मी आकडा सांगायचो. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण ती आणि शिक्षिकाबाई फोनवर बोलतात. त्यात एका रविवारी काकांनी आग्रह केला की वहिनींनाही घेऊन या. ती आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं की प्रत्येकानं गाणं आणायचं असतं, त्यामुळे तिनं तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून एक लावलं. सिनेमातलं जुनं गाणं, आमच्या लग्नात बँडनं बेसूर वाजवलेलं. मी सोडून सात माणसं, ताटलीत बारा खाऱ्या, आणि कुणी बोट लावलं नाही. माझ्या स्वतःच्या हातात एक होती, ती मी गाणं संपेपर्यंत अंड्यासारखी धरून बसलो होतो. काका म्हणाले, "पुन्हा." परतताना रिक्षात कांदिवली येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. नुसती गुणगुणत होती. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

मग यंदा काकांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. काका-काकी तीन वर्षांसाठी मुलीजवळ भाड्याच्या घरात राहणार, तिथे हॉलमध्ये आठ माणसं उभीसुद्धा मावणार नाहीत. म्हणजे फेब्रुवारीची बैठक शेवटची. काकांनी सगळ्यांना निरोप दिला की या वेळी शोभेचं काही नको, आपलं आहे ते आणा. मला वाटलं, हा निरोप सगळ्यांना असला तरी रोख माझ्यावर आहे.

माझं "आपलं" गाणं कुठलं, याबद्दल मला क्षणभरही शंका नव्हती. आणि तेच मी नऊ वर्षांत एकदाही नेलं नव्हतं. कारण सांगायला हवं.

मी सहा वर्षांचा असताना आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत होते. त्यांना रेडिओवरचं एक भावगीत फार आवडायचं, पण रेडिओ काही आपल्या मर्जीनं गाणं लावत नाही. लागायचं तेव्हा बाबा पाळीवर असायचे. एकदा शेजाऱ्यांकडे टेपरेकॉर्डर आला. बाबांनी तो रविवारच्या सकाळपुरता मागून आणला, कोरी कॅसेट घातली आणि रेडिओसमोर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवला. फर्माइशीचं पत्र त्यांनी आधीच घातलेलं होतं. पंखा बंद केला, दार लावून घेतलं. मला आणि आत्याला भिंतीशी बसवून तोंडावर बोट ठेवायला लावलं. सगळी तयारी झाली. शेगडीवर डाळीचा कुकर चढलाय, हे तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि नेमकं त्या दिवशी ते गाणं लागलं.

त्यामुळे आमच्या कॅसेटमध्ये मुखड्यानंतर पहिली शिट्टी आहे. पहिल्या अंतऱ्यात दुसरी. मग आईची कुजबुज, आत्याला सांगत असलेली, "तिसरी झाली की बंद कर गो." त्यावर बाबांचं लांबलचक "शूऽऽ". आणि शेवटच्या कडव्यात, गायिका वरच्या सुरावर थांबते तिथे, तिच्या सुराला सूर लावून तिसरी शिट्टी. बाबांनी ती कॅसेट हजारदा वाजवली असेल. नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मुलीनं तेच गाणं म्हटलं, तेव्हा मी शेजारच्याला विचारलं होतं की हिनं शिट्टी का गाळली. मला ती चालीचाच भाग वाटायची.

आता असली कॅसेट कुणी जाणकारांत नेतं का. मला लाज वाटायची. म्हणून शेवटच्या बैठकीसाठी मी तेच गाणं स्वच्छ आवाजात मिळवलं. मूळ आल्बममधलं, एकही खरखर नाही, तबल्याची शाई दिसावी असं. तरी निघताना कॅसेट का कुणास ठाऊक पिशवीत टाकली.

शेवटची बैठक म्हणून सगळे लवकर आले होते. शोकेस अर्धी रिकामी होती, पुस्तकं खोक्यांत. कांजूरमार्गच्या मित्रानं पहिलं गाणं लावलं आणि "पुन्हा" मिळवलं. शिक्षिकाबाईंनाही मिळालं. माझी पाळी सहावी. मोबाइल जोडला, गाणं सुरू झालं. चहा आला होता, मी नकळत एक खारी उचलून हातात धरली होती. मुखडा झाला. शांतता. पहिला अंतरा, शांतता. मी कान टवकारून आजूबाजूला पाहत होतो. कुणाचा हात ताटलीकडे गेला नव्हता. काकांचे डोळे मिटलेले. नऊ वर्षांत मी इतका पुढे कधीच पोहोचलो नव्हतो.

शेवटचं कडवं आलं. गायिका वरच्या सुरावर जाऊन थांबली. आणि तिथे काहीच झालं नाही. नुसता सूर, त्याच्याभोवती पोकळी, जिन्यावर एक पायरी कमी असावी तशी. माझा पाय चुकला. म्हणजे हात. कडाक.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीत खारीचा भुगा होता.

गाणं संपलं. कांजूरमार्गचा म्हणाला, "अरे, स्वतःच्याच गाण्यात? यार, हे तर आजवर कुणी केलं नाही."

मग मला सगळं सांगावंच लागलं. बाबा, टॉवेल, कुकर, सगळं. सांगताना मी हसण्यावारी नेत होतो, पण काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कॅसेट कुठाय. मी म्हटलं, पिशवीत. ते म्हणाले, मग डेकवर लाव.

मित्रानं हरकत घेतली. त्याचंही बरोबर होतं, प्रत्येकानं एकच गाणं हा नियम. काकांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "गाणं एकच आहे," ते म्हणाले. "आत्ता त्यानं अर्धंच ऐकवलं."

कॅसेट लावली. आधी खरखर, मग मुखडा, जरा लांबून, जरा ओला. पहिल्या शिट्टीला कुणीतरी नाकातून हसलं. दुसऱ्या शिट्टीला काकी चटकन उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. ओट्यावर काही चढवलेलं नव्हतं, तरी गॅस बघून परत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आईची कुजबुज आली. बाबांचं "शूऽऽ" आलं, तेव्हा हॉलमधल्या आठही जणांनी श्वास धरला, जणू ते त्यांनाच उद्देशून होतं. चाळीसएक वर्षांपूर्वीच्या माणसानं दटावल्यावर खारी मोडायची कुणाची टाप. आणि मग वरचा सूर, त्याच्याबरोबर तिसरी शिट्टी. काकांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

गाणं संपलं. बटण खटकन वर आलं. ताटलीत खाऱ्या जशाच्या तशा.

"पुन्हा," काका म्हणाले.

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा सगळे तिसऱ्या शिट्टीची वाट बघत होते, आणि ती आली तेव्हा शिक्षिकाबाईंनी मांडीवर थाप देऊन अशी दाद दिली, जशी मैफिलीत मुरलेल्या माणसानं द्यावी. आणि मग जे कधीच झालं नव्हतं ते झालं. कांजूरमार्गचा, नियमांचा राखणदार, म्हणाला, "काका, अजून एकदा." तीन वेळा. कुणालाच आजवर तीन वेळा मिळालं नव्हतं. मी नम्रपणे खाली मान घालून बसायचा प्रयत्न केला, पण मला वाटतं तो फारसा जमला नाही, कारण काकी मला विचारत होत्या की तुम्ही एवढे का हसताय.

निघताना काकींनी ताटलीतल्या सगळ्या खाऱ्या पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या. मानाच्या म्हणाल्या. रिक्षात मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो. चालकाला सुद्धा सांगणार होतो, पण तो फोनवर होता.

बायकोनं दार उघडलं. "किती?"

"एक. ती मीच मोडली. पण तीनदा लागलं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आत गेली आणि वर्सोव्याला फोन लावला. मी चपला काढेपर्यंत पडताळणी झाली होती. मग ती बाहेर आली. चहा टाकला, न मागता, आणि आईला हाक मारली. आई आमच्याकडेच असते. ब्याऐंशीची आहे, कान तिखट आहेत. मी तिला सांगितलं की आज तुझी कुजबुज आठ जणांनी तीन वेळा ऐकली. तिला आधी खरं वाटेना. कुकराची शिटी ऐकूक माणसां बोरिवलेक जमतत, असं ती दोन-तीनदा पुटपुटली. मग म्हणाली, लाव बघू.

आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली. बायको आणि मी हात मांडीवर घेऊन बसलो, शिस्तीत. मुखड्याच्या पहिल्याच ओळीला आईनं मानाची एक खारी उचलली आणि कडाकडा मोडली.

मी तिच्याकडे पाहिलं. बायकोनं ओठ दाबून धरले.

"माका काय बघतंस," आई म्हणाली. "तुमचो नियम तुमका. गाणा माझ्या घरातला."

तिनं तुकडा चहात बुडवला, शांतपणे खाल्ला, आणि ऐकत राहिली. स्वतःची कुजबुज आली तेव्हा थोडी पुढे झुकली. बाबांच्या "शूऽऽ"ला हसली. तिसरी शिट्टी वाजली, गाणं संपलं, बटण वर आलं, तरी ती टेपरेकॉर्डरकडेच बघत होती.

"त्या डाळीक चौथी शिटी होयी होती," ती म्हणाली. "पण चौथी झाली असती तर तेंच्या गाण्याचो शेवट गेलो असतो. म्हणान तिसरेकच बंद करूक सांगलंय."

मग त्या दिवशी डाळ, मी विचारलं.

"कच्ची. तुझ्या बापाशीन दोनदा वाढून घेतल्यान."

तिनं ताटली बायकोकडे सरकवली, एक खारी मला दिली, आणि हातानं खूण केली की पुन्हा लाव.