अठ्ठावीस मिलिसेकंद

रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावर खलाशी सहाय्य मंडळाची दोन खोल्यांची कचेरी होती आणि हरिश्चंद्र नागवेकर तिचा चिटणीस होता. कामाला वाघ, पण मोठेपणाचा सोस भारी. छत्रीसुद्धा अशी घ्यायचा की बाजारात चार माणसांनी वळून बघावं.

मंडळाचं काम तसं साधं. जयगडपासून वेळणेश्वरापर्यंतची माणसं बोटीवर जायची, त्या प्रत्येकाचं एक जाड कार्ड कचेरीत असायचं. नाव, गाव, कुठल्या कंपनीची बोट, तिच्या मुंबईतल्या एजंटाचा पत्ता, घरी कोणाला कळवायचं. तीनेक हजार कार्डं होती आणि ती सगळी गंगाराम शिपायाने वीस वर्षांत लिहिलेली. कोणाची बायको, कोणाची आई "आमच्या माणसाचा पत्ता नाय हो" म्हणत दारात आली, की गंगाराम खण ओढायचा आणि चहा उकळायच्या आत कार्ड हातात द्यायचा.

अठ्ठ्याऐंशी साली मंडळाने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. एका मोठ्या खोक्यात सगळी माहिती साठवायची आणि त्याला तारांनी दोन पडदे जोडायचे. खरेदीला अर्थात हरिश्चंद्र. मुंबईच्या दुकानातल्या इंजिनियरने त्याला खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं.

"साहेब, तुमची सगळी कार्डं दोन एमबीत मावतात. वीस एमबीची डिस्क घ्या, भरपूर झाली. उरलेल्या पैशांत टेपचं यंत्र बसतं. रोज संध्याकाळी सगळ्याची नक्कल टेपवर. डिस्क कधीतरी बिघडणारच, तेव्हा टेप कामाला येते."

"आणि ती पलीकडची कुठली?"

"ती चाळीस एमबीची. वेगवान आहे, अठ्ठावीस मिलिसेकंदांत हवं ते शोधते. पण ती घेतलीत तर टेप बसणार नाही."

मिलिसेकंद म्हणजे काय हे हरिश्चंद्राला ठाऊक नव्हतं आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं की देवरूखच्या एका संस्थेने वीस एमबीचं मशीन आणलंय. मग आपण वीस कसं घ्यायचं? त्याने चाळीसवर बोट ठेवलं. इंजिनियरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि निघताना बजावलं, "खोका हलवण्याआधी 'पार्क' असा हुकूम टाइप करा आणि मग बंद करा. आतली सुई तबकडीवरून बाजूला होते. चालू असताना तर हात लावू नका." हरिश्चंद्राने मान डोलावली. त्याचं मन तेव्हाच रत्नागिरीच्या स्टँडवर उतरून लोकांना आकडे सांगत होतं.

पुढे दोन महिने त्याने अख्ख्या गावाला अठ्ठावीस मिलिसेकंद ऐकवले. न्हाव्यालासुद्धा सोडलं नाही. एप्रिलपर्यंत सगळी कार्डं मशीनमध्ये चढली. फ्लॉपीवर एकदा नक्कल काढून त्याने ती कपाटात टाकली. मे महिन्यात एक बागवाला आंब्याच्या पेटीत दोन थरांच्या मध्ये घालायला जाड कागद शोधत आला, तेव्हा हरिश्चंद्राने त्याला खणांकडे बोट दाखवलं.

"सायब, ऱ्हाऊ देत की. काय खायला मागतात काय ती?" गंगाराम म्हणाला.

"अरे, यंत्र आलं आता. कचरा किती दिवस सांभाळायचा?"

गंगाराम सुतळी घेऊन आला. त्याने स्वतःच्या हाताने कार्डांचे गठ्ठे बांधून दिले.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, शिवणयंत्र, जे पोटाला घालतं त्याची पूजा होते. मंडळाचे सभासद जमायचे होते. हरिश्चंद्राच्या मनात आलं, एवढं मोठं मशीन कोपऱ्यातल्या टेबलावर पुजायचं? छे! त्याने मधोमध चौरंग मांडला, हार आणला, पडद्यावर 'स्वागत' अशी अक्षरं आणली. ती अक्षरं जाऊ नयेत म्हणून मशीन चालूच ठेवलं. मग एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने गंगारामने खोका उचलला. चौरंगाचा एक पाय आखूड होता. खोका टेकला आणि धप्पकन कलला. आतून करकर आवाज आला, पडदा काळा झाला, आणि हळदकुंकू ताटातच राहिलं.

मुंबईहून इंजिनियर आला. त्याने खोका उघडून पाहिला आणि सांगितलं, तबकडी खरवडली गेलीय, यातलं काही परत मिळणार नाही. कपाटातल्या फ्लॉपी काढल्या तर पावसाळ्याने त्यांच्यावर बुरशी धरलेली. तो माणूस टेपबद्दल एक अक्षर बोलला नाही. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर हरिश्चंद्राला बरं वाटलं असतं.

आणि तिसऱ्या दिवशी सगुणा आली. जयगडची, लवू खलाशाची बायको. चार महिने लवूचं पत्र नव्हतं. त्याच्या बोटीवर आग लागली असं गावात कोणीतरी बोललं होतं.

"कंपनीचं नाव मला येत नाय. तुमच्याकडं लिवलेलं आसंल ना?"

"आहे ना," हरिश्चंद्र म्हणाला. "मशीन जरा दुरुस्तीला गेलंय. आठ दिवसांनी या."

हे बोलताना त्याची जीभ अडखळली नाही, याचीच त्याला पुढे जन्मभर लाज वाटली. आईबापांनी हौसेने हरिश्चंद्र नाव ठेवलं होतं! दाराशी उभा असलेला गंगाराम खाली मान घालून बाहेर निघून गेला.

आठ दिवसांनी ती परत आली, एस.टी.ने, उपाशीपोटी. त्याने परत तेच सांगितलं. लोकांना काय सांगायचं, कार्डं आंब्याखाली घातली म्हणून? दर रात्री तो ठरवायचा की उद्या खरं सांगून टाकू, आणि सकाळी कचेरीचं कुलूप काढताना त्याचं अवसान गळायचं. आणखी दहा दिवसांनी, तिसऱ्या खेपेलाही तेच उत्तर ऐकून सगुणाने पिशवीतून सोड्यांची पुडी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"तुमाला माझ्यापायी किती तरास. घरी न्या, वैनी कालवण करतील."

ती पुडी त्याने घरी नेली नाही आणि परतही करता आली नाही. वाळलेल्या कोळंबीचा वास दिवसभर खोलीत राहिला. संध्याकाळपर्यंत त्याला बसवेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो जयगडला गेला.

सगुणाच्या पडवीत उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. चाळीस एमबी, कार्डं, चौरंग, आणि तिला तीनदा खोटं सांगितलं तेसुद्धा. सगुणा ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे फकस्त पत्ता पायजे काय?" ती आत गेली आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आली. लवूची सगळी पत्रं त्यात होती, पाकिटांसकट. पत्र मास्तर वाचून दाखवायचे, पाकीट ती नुसतं जपून ठेवायची. हरिश्चंद्राने शेवटचं पाकीट उलटं केलं. मागे निळ्या शाईचा शिक्का होता. कंपनी, एजंट, फोर्टातला पत्ता, सगळं.

"तुमी पयल्याच दिवशी बोल्ला आसतात," ती म्हणाली, "तर मी तवाच घेऊन आले आसते."

ती रागावली नव्हती. समोर दिसत होतं तेवढंच ती बोलली होती. एकोणीस दिवस झाले होते. हरिश्चंद्राने मनातल्या मनात ते मोजले आणि त्याचे कान गरम झाले.

तार गेली, उत्तर आलं. लवू एडनच्या इस्पितळात होता, दोन्ही हात भाजलेले, पण जिवंत. एजंटाने त्याला घरचा निरोप पोचवला.

डिसेंबरात लवू घरी आला आणि चौथ्या दिवशी सगुणाला घेऊन कचेरीत हजर झाला. हातांवर अजून पट्ट्या. हरिश्चंद्र कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन बसला होता. गावोगाव फिरून तो आणि गंगाराम पहिल्यापासून सगळं लिहून काढत होते. नवीन टेपच्या यंत्रासाठी त्याने स्वतःची स्कूटर विकली होती, पण ते सांगायचं तर कार्डांचंही सगळं सांगावं लागलं असतं.

लवूने पट्ट्यांतले हात जोडले.

"सायब, उपकार झाले. बाकीच्यांना घरून तारा आल्या, मला तीन आठवडं कायच नाय. मला वाटलं, घरी कोणी इचारलंच नाय माझं. हिला मेल्याचं कळवलं आसंल म्हणून रडत पडलो व्हतो. मग तुमची तार आली."

हरिश्चंद्राला वर बघवेना. तो कार्डावर 'लवू' एवढंच लिहून थांबला. आता ही बोलेल, आता सगळं बाहेर येईल, असं त्याला वाटलं, आणि ते आलं तर बरंच होईल असंही वाटलं.

सगुणाने पदर सारखा केला.

"सायबांनी लय धावपळ केली," ती नवऱ्याला म्हणाली. "आमच्या घरापातूर आले."