विजयनगर, कमानीतून आत

राजधान्या पडतात, पण त्यांची नावे अमर राहतात. आणि पोलीस अधिकारी कधी काही विसरत नाही. माझ्या निरोपसमारंभात ही दोन्ही वाक्ये एकाच वक्त्याने एका दमात म्हटली. पहिल्याचा माझ्या नोकरीशी काय संबंध हे कोणाला कळले नाही, पण टाळ्या दोन्हींना पडल्या. मी गळ्यात हार घालून बसलो होतो आणि मला एक कडीचा स्टीलचा डबा आठवत होता.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावच्या वेशीवरच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात एका बेकरीवाल्याचा फोन आला. खबर देणाऱ्या माणसाचे पहिले वाक्य घटनेबद्दल नसते, स्वतःबद्दल असते.

"सर, मी काय केल्यालं न्हाय. एक आज्जी तासभर दुकानात बसल्यात. स्वयंपाकघर कुठाय म्हणून विचारत्यात."

"मग सांगा त्यांना."

"बेकरीत स्वयंपाकघर कुठलं सर, भट्टी हाय. त्या म्हणत्यात, माझं घर हेच."

"असं का म्हणतात?"

"पाटीवर विजयनगर लिवलंय की."

विजयनगर हे नाव आमच्या भागाला नवे नाही. त्या साम्राज्याची राजधानी हंपीला पडून आहे, पण नावाची वस्ती उलट वाढली आहे. माझ्या माहितीत तेव्हा तीन वसाहती, एक बेकरी, एक केशकर्तनालय, एक लॉज आणि पंक्चर काढण्याचे एक दुकान या नावाने चालत होते. मूळ राजधानीत जायला कोणी घाई करत नाही, पण पंक्चरच्या दुकानाबाहेर रांग असे.

मी एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन बेकरीत गेलो. ती निपाणीकडची, शेतकरी घरातली, नोकरीला चार वर्षे झालेली. कमी बोलायची. आमच्या खात्यात हा गुण बढतीच्या कामी येत नाही, तपासाच्या कामी येतो.

म्हातारी पावाच्या ट्रेजवळ स्टुलावर ताठ बसली होती. वय पंचाहत्तरच्या आसपास, नऊवारी नेसलेली, भट्टीच्या उकाड्याने पदर खांद्यावर आलेला. मांडीवर कडीचा स्टीलचा डबा होता आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला होता.

"आज्जी, डब्यात काय?" मी विचारले.

"चीक हाय. माझी म्हस व्याली. नातीला खरवस करायचाय. तुमी घर दावा, न्हायतर चीक नासंल."

बेकरीवाला भला माणूस. तो म्हणाला, "फ्रिजात ठेवू का, आज्जी?"

"ठेव. पर झाकण उघडू नगंस."

तिला जीपमध्ये घालून आम्ही वसाहती दाखवायला निघालो. पहिल्या दोन तिने सकाळीच पाहिल्या होत्या. पहिल्या ठिकाणी तिला बसच्या कंडक्टरने उतरवले होते, दुसऱ्या ठिकाणी एका रिक्षावाल्याने नेले होते आणि बेकरीत एका शाळकरी मुलीने पाटी वाचून दाखवून बसवले होते. आम्ही तिसरी दाखवली. तिने जीपमधूनच मान हलवली.

"हे न्हवं. आमच्यात कमान हाय. कमानीतनं आत."

"कमान कशी आहे?"

"वर गाडी चढल्याली हाय. दगडाच्या चाकाची. घोडं न्हाईत. म्होरं दोन डुकरं."

माझ्या शेजारी बसलेल्या ड्रायव्हरने आरशातून म्हातारीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. आमच्या दोघांचे एकच मत झाले, आणि ते चुकीचे होते.

ठाण्यात आणून मी रीतसर विचारपूस सुरू केली. आयुष्यभर मी चोरांची, दारूवाल्यांची, तंबाखूच्या पेट्या पळवणाऱ्यांची उलटतपासणी घेतली आहे. त्या सगळ्यांत ही सर्वांत कठीण गेली.

"नाव?"

तिने नाव सांगितले. ते मी इथे देत नाही, पण त्या नावाने निपाणीच्या बाजारात हाक मारली तर चार बायका वळून बघतील. आडनाव दर तिसऱ्या घराचे.

"मालकांचे नाव?"

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"मुलगा आहे ना? त्याचे नाव काय?"

"आप्पा."

"आप्पा हे घरचे झाले. शाळेतले नाव?"

"शाळंत मास्तर हाय त्यो."

"त्याचे नाव विचारतोय, आज्जी."

"आप्पाच म्हंत्यात त्येला."

"गाव कोणते तुमचे? ही म्हैस कुठल्या गावात व्याली?"

ती स्वतःच्या हातांकडे बघू लागली. "आठवत न्हाय," म्हणाली.

"मोबाईल नाही जवळ?"

"नात गेम खेळती त्येच्यावर. तिच्यापाशीच हाय."

बसचे तिकीट तिने कुठेतरी टाकून दिले होते. मी वायरलेसवर सगळ्या ठाण्यांना वर्णन कळवले. बेपत्ता म्हणून अशी कोणाची तक्रार कुठेच नव्हती. शेवटी नियमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर तरुण आणि व्यवस्थित होते, त्यांच्याकडे प्रश्नांची छापील यादी होती.

"आज वार कोणता, आज्जी?"

"म्हस व्याल्याला तिसरा दिस."

डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.

"मुलाचे नाव?"

म्हातारीने खिडकीकडे तोंड फिरवले. दुसरी फुली.

"कुठे राहता?"

"विजयनगरात. डुकरांच्या गाडीखालनं आत."

तिसरी फुली बरीच ठळक पडली. त्यांनी कागदावर लिहिले की स्मृतिभ्रंशाची दाट शक्यता असून भास होत असावेत. मीही मान डोलावली.

आता पुढचे सगळे ठरलेले होते. निराधार वृद्धांच्या निवारा केंद्राची गाडी पाच वाजता येणार, हा कागद तिच्यासोबत जाणार, आणि मग तिला बाहेर काढायचे तर नातेवाईकाने पुरावे घेऊन, अर्ज करून यायचे. पण नातेवाईक कधी येतो? त्याला ती हरवली आहे हे कळले तर. याआधी एका म्हाताऱ्याला मी असे पाठवले होते. त्याचा मुलगा सहा महिन्यांनी आला, तोवर म्हातारा वारला होता. मुलगा माझ्या टेबलासमोर उभा राहून एवढेच म्हणाला होता, "मला वाटलं बहिणीकडं हाईत." त्यानंतर त्या गाडीचा हॉर्न मला कधी आवडला नाही.

चार वाजले. म्हातारी बाकावर बसून महिला कॉन्स्टेबलला विचारत होती, "फ्रिजात किती वेळ टिकल गं?"

"उद्यापत्तूर टिकतोय, आज्जी."

"मग उद्या सकाळी करीन."

कॉन्स्टेबल उठून माझ्या खोलीत आली आणि दाराशी उभी राहिली.

"सर, एक बोलू?"

"बोल."

"त्येंना आठवत न्हाय असं न्हाय. त्या नाव घेत न्हाईत."

"नवऱ्याचे घेत नसतील, हे मला माहीत आहे. मी मुलाचे विचारले."

"तेच की सर. आमच्यात पैल्या नातवाला आज्ज्याचं नाव ठेवत्यात. म्हंजे पोराचं नाव तेच त्येंच्या सासऱ्याचं. सासऱ्याचं नाव सुनंनं कसं घ्यायचं? माझी आज्जी माझ्या वडलास्नी मरूस्तोवर 'बाळ' म्हणत होती. वडील साठीचे होते."

माझ्या स्वतःच्या आईने माझ्या थोरल्या भावाला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती त्याला दादा म्हणायची आणि आम्ही समजायचो की लाडाने म्हणते.

"मग नाव कसे काढायचे?"

"आपणच घ्यायची, सर. त्येंनी फकस्त ऐकायचं."

आम्ही बाहेर आलो. कॉन्स्टेबल बाकावर म्हातारीच्या शेजारी बसली आणि सहज गप्पा माराव्यात तशी एकेक नाव घेऊ लागली. मारुती. शंकर. दत्तू. बाबू. रामू. म्हातारी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर बघत होती. पदर अजून खांद्यावरच होता. नारायण. गणपती. विठोबा. कॉन्स्टेबलने आणखी एक नाव घेतले आणि म्हातारीचा हात आपोआप वर गेला. कॅलेंडरवरची नजर न हलवता तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि जरा सावरून बसली.

कॉन्स्टेबल थांबली. "आज्जी, हेच न्हवं?"

"मी काय बोलले का?"

"न्हाय. तुमी काय बोलला न्हाईसा."

"मग झालं तर."

ते नाव मी लिहीत नाही. ती घेत नव्हती, मीही घेत नाही.

पुढचे काम दहा मिनिटांचे होते. नाव, आडनाव आणि मास्तर एवढे हातात आल्यावर शिक्षण खात्याच्या कचेरीतल्या कारकुनाने मोबाईल नंबर काढून दिला. फोन लागला.

"आई?" पलीकडून मास्तर म्हणाले. "आई तर गावाकडं हाय, सर. मीच परवा बसला बसवून दिलंय. चार दिवस ऱ्हाणार म्हणून गेली."

म्हणजे मुलाला वाटत होते आई गावी आहे. गावात तिची म्हैस सांभाळणाऱ्या शेजारणीला वाटत होते ती मुलाकडे पोचली. तिला कोणी शोधत नव्हते, कारण कोणाच्याच हिशेबी ती हरवलेली नव्हती. पुढचे दोन दिवस तरी कोणी शोधले नसते.

"घर कुठे तुमचे?" मी विचारले.

"गाढवमाळावर, सर."

"आई विजयनगर म्हणतात."

"ते कमानीवर हाय, सर. आईला मीच तेवढं पाठ करून दिलंय."

गाढवमाळ माझ्याच हद्दीत होता. ठाण्यापासून दोन किलोमीटर. बीटच्या हवालदारांना मी सकाळी विचारले होते की तुमच्या बीटमध्ये विजयनगर आहे का, आणि त्यांनी प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितले होते. त्या जागेला दुसऱ्या कोणत्याही नावाने त्यांच्यापैकी कोणी कधी ओळखत नव्हते.

मास्तर मोटारसायकलवर वीस मिनिटांत आले. आत येऊन आईसमोर उभे राहिले. मग म्हातारी म्हणाली, "जेवलास का रं?"

मास्तरांनी मान हलवली आणि वळून भिंतीकडे तोंड केले. कॉन्स्टेबल पाणी आणायला गेली. पाण्याचा माठ शेजारीच होता.

"आज्जी," मी विचारले, "गावाचे नाव तरी सांगायचे होते. खरेच आठवत नव्हते?"

"न आठवाया काय झालं? जन्म गेला तिथं." ती मुलाकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, "पर पोलिसाचा फोन गावात गेला असता तर लोकं काय म्हणली असती? आप्पानं आईला रस्त्यावर सोडली म्हणली असती. सदलग्याच्या बाजारापत्तूर बातमी गेली असती. मी म्हणलं, मी सापडंन न्हायतर न्हाय सापडणार. त्येचं नाव नगं निघाया."

पाच वाजता निवारा केंद्राची गाडी आली. ड्रायव्हरने फेरी फुकट गेल्याची सही मागितली. मी इतक्या आनंदाने क्वचितच सही केली असेल.

बेकरीतून डबा घेऊन आम्ही त्यांना जीपमधून घरी सोडायला गेलो. माळावर सहा-सात नवी घरे, बाकी गवत आणि मोजणीचे दगड. आणि सुरुवातीला सिमेंटची भली मोठी कमान. कमानीवर दगडी रथ, हंपीला आहे तसा, मोठी चाके आणि घोडे नाहीत. तिथल्यासारखेच पुढे दोन हत्ती बसवायचे गवंड्याच्या मनात असावे. सोंडा गळून पडल्या होत्या, किंवा आधीपासूनच नसाव्यात. राहिले होते त्याला डुकरे म्हणणे हे अचूक वर्णन होते. जबानीत इतके अचूक वर्णन मला फार थोड्या साक्षीदारांकडून मिळाले आहे.

"बघा," म्हातारी म्हणाली. "म्हणलं न्हवतं?"

"म्हणाला होतात, आज्जी."

तेव्हा ड्रायव्हर गाडीचा वेग कमी करत म्हणाला, "सर, हितं आपण बंदोबस्ताला आलतो की. दोन वर्सं झाली. कमानीचं उद्घाटन."

आलो होतो. एक पुढारी आले होते आणि त्या साम्राज्याच्या वैभवावर तासभर बोलले होते. विजयनगर हा शब्द त्यांनी वीसेक वेळा तरी उच्चारला असेल. मी या कमानीखाली तीन तास उभा होतो आणि ट्रॅक्टर बाजूला घ्यायला सांगत होतो. बंदोबस्तावरचा अधिकारी भाषण ऐकत नाही, गर्दी बघतो. सकाळी त्या म्हातारीने मला कमान, चाके, रथ सगळे नीट सांगितले होते. यादीतले प्रश्न डॉक्टरांनी चुकीच्या माणसाला विचारले होते.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत उत्तर न देणारी माणसे मी खूप पाहिली. काही भीतीने देत नाहीत, काही लबाडीने. त्या दिवसापासून मी तिसरा प्रकार धरू लागलो. काही माणसे उत्तर देत नाहीत, कारण त्या उत्तरात दुसऱ्या कोणाचा तरी मान असतो, आणि तो सांभाळायला ती स्वतः वेडी ठरायलाही तयार असतात. अशा माणसाला प्रश्न मोठ्याने विचारून उपयोग नाही. शेजारी बसावे लागते. हे मला वरिष्ठांनी शिकवले नाही, चार वर्षे नोकरी झालेल्या एका मुलीने शिकवले. तिच्यासाठी मी शिफारस केली. कागद पुढे गेला, पुढे काय झाले ते खात्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कडीचा डबा ठाण्यात आला. त्यात खरवस होता आणि तो कॉन्स्टेबलच्या नावाने होता. मला वास आला.

त्याच दुपारी ठाण्यातल्या नोंदी लिहिणारा रायटर डायरी घेऊन आला. वृद्धेला कोठे पोचवले, तो रकाना रिकामा होता.

"सर, विजयनगर लिवू?"

अमर नावे, पडलेल्या राजधान्या, रथ, भाषणे हे सगळे एकदा माझ्या डोक्यातून गेले.

"गाढवमाळ लिही," मी म्हणालो.

कमान अजून उभी आहे. टपाल गाढवमाळाच्या पत्त्यावर येते.