माग थांबले आणि माझं रॅप सुरूच राहिलं

मी बाप होणार ही बातमी आंधळगावात सगळ्यात शेवटी माझ्या बायकोला कळली. आधी कळायचं कारणच नव्हतं, कारण तसं काही नव्हतंच!

लग्नाला चार महिने झाले होते. सुवर्णाची नर्सिंगची शेवटची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि आमचं ठरलं होतं: ती पास होईपर्यंत लेकराचा विषय काढायचा नाही. मी शब्द दिला होता. पण मी पडलो विणकर! दिवसभर मागावर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, खटाक-खट, खटाक-खट... असा ठेका कानाशी असल्यावर माणूस स्वप्नं पाहणार नाही तर काय करणार? उन्हाची तिरीप ताण्याच्या उभ्या धाग्यांवर पडायची आणि त्या रेशमी उजेडात मला एक इवलंसं डोकं दिसायचं. (जावळ भरपूर. माझं टक्कल तेव्हाच सुरू झालं होतं, म्हणून जावळाबाबत मी हट्टी होतो.) त्या डोक्यासाठी मी रॅप रचलं. सुवर्णा आतल्या खोलीत कानात कापूस घालून वाचायची आणि गल्लीतले दहा माग एकदम चालायचे. कोण ऐकतंय! मी रोज बेंबीच्या देठापासून गायचो.

दुपारी तीनला शेजारच्या काशीकाकू चहासाठी ताट वाजवतात आणि सगळे माग थांबतात. त्या दिवशी मला ताट ऐकूच आलं नाही. त्यात नेमका माझा धागा तुटला आणि माझाही माग थांबला. हात गाठ मारायला गेले, तोंड मात्र चालूच!

"ऐक ना बाळा, बाप तुहा बोलते,
तुह्याच नावानं माग हा चालते!
येजो लवकर, मले धीर नाही,
मायले सांगू नोको, तिले खबर नाही!"

"अगं बाई!" बाहेरून काशीकाकू ओरडल्या. "सुवर्णाले दिवस गेले, अन् तिलेच खबर नाही?"

मी धावत बाहेर आलो. "काकू, बाळ नाही, नुसतं गाणं आहे!"

"पहिल्या खेपेले सगळेच लाजते, बापू!"

बातमी गावभर फिरली आणि संध्याकाळी करडी गावाहून सासूबाई चिंचा घेऊन हजर! आल्या आल्या त्यांनी सुवर्णाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"काहून वाचून राहिली? डोळ्यांवर ताण येते."

"माय, मले काही झालं नाही! परीक्षा आहे माही!"

"पुढच्या साली देजो. भंडाऱ्यापर्यंत बसमंधी किती हादरे बसते!"

सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तीन वर्षांचा अभ्यास माझ्या चार ओळींनी पाण्यात घातला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तीनला ताट वाजलं, माग थांबले आणि मी ओट्यावर चढलो. "ऐका हो! सुवर्णाले दिवस नाही गेले! मीच स्वप्नं पाहून राहिलो होतो! तिले परीक्षेले जाऊ द्या!"

सासूबाईंनी पुस्तक सुवर्णाच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, स्वप्नं पाहाची तं मुकाट्यानं पाहा!"

सुवर्णा पास झाली. आज ती दवाखान्यात गावभरची बाळंतपणं करते. आमची पोर चार वर्षांची आहे. जावळ अगदी ठरल्याप्रमाणे आलं. रोज तिला मांडीवर घेऊन मी मोठ्या हौसेने तिचं गाणं सुरू करतो, आणि ती माझ्या तोंडावर हात ठेवते.

"बाबा, चूप! माग बंद आहे!"