मावशीचे सहा कोअर

मावशी ऑनलाइन जुगार खेळते आणि हरलेले पैसे भरायला तिने शिलाई मशीन विकायला काढलंय, ही बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. तळमजल्यावर ती 'म्हणे' होती, तिसऱ्यावर पोचेपर्यंत 'मी डोळ्यांनी पाहिलं' झाली.

खरं एवढंच की मशीन जागेवर होतं आणि मावशी ट्रक चालवायची. कॉम्प्युटरवर, दर रविवारी संध्याकाळी सहाला. मावशीचा धंदा कपडे अल्टर करण्याचा, आणि कॉम्प्युटर परगावी नोकरीला गेलेल्या तिच्या लेकाचा, सहा वर्षांचा जुना. लेक फोनवर "बिझी आहे गं, नंतर बोलतो" याच्यापलीकडे जात नसे. गेममध्ये मात्र त्याचा ट्रक पुढे, हिचा मागे, कानाला हेडफोन, आणि चांगली पाऊण तास बडबड. जेवलास का, बॉस कसा आहे, सगळं त्या रस्त्यावरच.

मग गेमची नवी आवृत्ती आली आणि मावशीचा ट्रक उचकी लागल्यासारखा चालू लागला. दोनदा दरीत गेला.

"आई, तुझ्यामुळे मला सारखं थांबावं लागतं," लेक वैतागला. "प्रोसेसर तरी बदल, नाहीतर राहू दे हे."

'तुझ्यामुळे' हा शब्द मावशीने आठवडाभर चघळला. शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ती कॉम्प्युटरवाल्याकडे गेली.

"ताई, प्रोसेसर म्हणजे मेंदू," तो नाकातून बोलला. "आणि तुमचा मेंदू आता म्हातारा झालाय."

"माझा?"

"कॉम्प्युटरचा हो! बोर्ड बदला, रॅम बदला, सगळंच नवं करून टाकू."

"बाही आखूड करायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी नवा कोट शिवत नाही. याच बोर्डावर बसेल असं दाखवा."

त्याने दोन वापरलेले काढले. एक सहा कोअरचा, एक आठचा.

"आठ घ्या. पुढची पाच वर्षं बघायला नको."

"कोअर म्हणजे काय?"

"कामाला माणसं समजा. सहा माणसं, आठ माणसं."

"ट्रक एकच आहे माझा. सहा पुरेत."

तरीही किंमत बजेटच्या थोडी पुढे जात होती. तेव्हा तो म्हणाला, "जुना काढून द्या, त्याचे पैसे कापतो." आणि मावशी फसली ती इथे. नवं बटण लावून झाल्याशिवाय जुनं फेकायचं नाही, हा तिच्या दुकानातला कायदा. त्यापायी हाताखालच्या भाचीने किती बोलणी खाल्ली होती! तो कायदा मावशीने त्या दिवशी स्वतःच मोडला. घरी जाऊन जुना प्रोसेसर काढला, परत येऊन देऊन टाकला, नवा घेतला.

नवा तिने काजात बटण सारावं तसा अलगद बसवला. पंखा फिरला. पडदा मात्र काळाच.

"हां, ते बोर्ड नव्याला ओळखत नाही ताई," फोनवर तोच नाकातला आवाज. "आधी बोर्डाचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं, मग नवा बसवायचा."

"मग करते."

"ते जुना बसवूनच होतं."

"जुना तुमच्याकडे आहे."

"तो विकला गेला की! तासाभरापूर्वीच."

रविवारी सकाळी मावशी कॉम्प्युटरचा अख्खा डबा रिक्षात घालून त्याच्या दारात. "दोन दिवस लागतील" म्हणाला. "बसते," म्हणाली, आणि स्टुलावर बसून राहिली. गिऱ्हाईक आलं की तो ओशाळून हसायचा, मावशी हसायची नाही. दुपारी त्याने निमूटपणे दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधला जुना काढला, अपडेट केलं, नवा बसवला.

साडेपाचला घरी पडदा उजळला. ट्रक लोण्यासारखा चालत होता.

"आज दादा खूश होणार!" भाची म्हणाली.

"तो यायचा नाही."

"असं काय गं? त्यानेच तर सांगितलं होतं."

"काल फोन केला होता. 'बघतो' म्हणाला. त्याच्या बापाचं 'बघतो' मी वीस वर्षं ऐकलंय."

"मग एवढी धावपळ कशाला केलीस?"

मावशीने हेडफोनची वायर सरळ केली. "माझ्यामुळे राहिलं, असं त्याला म्हणता येऊ नये म्हणून. लाव पैज. हरलीस तर महिनाभर दुकानातली सगळी उसवण तुझी." भाचीने लावली.

सहा वाजले, साडेसहा झाले. सातला मोबाईल वाजला. 'आई, तो गेम मी गेल्या आठवड्यातच काढून टाकला. आता कोण खेळतं तो?'

मावशीने मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि माल शेवटच्या गोदामापर्यंत एकटीने पोचवला. "एकदाही अडकला नाही हं," ती म्हणाली. हेडफोन कानावरच होते.

ती भाची म्हणजे अस्मादिक. आज उसवणीचा अकरावा दिवस.