मागांच्या डोक्यावर घर

वडगावात आमच्या घरी कुणी आलं की आधी माग बंद होतात. चार यंत्रमागांच्या खडखडाटात बोलणार काय, कपाळ! पाहुणा उठला की बटण दाबायचं, साडी पुढं सुरू. इंजिनिअर आले तेव्हाही थोरल्या भावानं, अण्णानं, तेच केलं. आणि मी शहाणा बाजूला उभा राहून बघत होतो.

मी जवळच्या मच्छे गावात कारखान्यात कामाला. भाड्याची खोली मालकानं रिकामी करायला सांगितलेली आणि परवडेल अशी दुसरी मिळेना. अण्णा म्हणाला, "गच्ची मोकळीच हाय की रं. वर दोन खोल्या काढ." जागा घ्यायला नको, पाया खणायला नको, लोखंडी सांगाडा, हलक्या भिंती, पावसाचं पाणी साठवायला टाकी. इंजिनिअरांनी खांब ठोकून बघितले, मापं घेतली आणि म्हणाले, काळजी नको, चढवा.

पोरंबाळं घेऊन आम्ही राहायला गेलो त्या सकाळी खाली माग सुरू झाले. बायकोनं फरशीवर ठेवलेला चहाचा कप सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला. मी धावत खाली आलो, तर मागांवरच्या तुळईला ही लांब चीर!

"अण्णा, बंद कर! आधी बंद कर!"

इंजिनिअर परत आले, चीर बघून भडकले. "त्या दिवशी माग बंद का ठेवले होते?"

"तुमी आलतासा न्हवं, म्हणून," अण्णा म्हणाला.

"माग दिसले मला. हादरा कुठं दिसला?" खांबांना लोखंडी वेढे घालून होईपर्यंत एक तर वर माणसं राहतील, नाहीतर खाली माग चालतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"आम्ही जातो," मी म्हणालो.

"कुठं?"

मी उलट ओरडलो, "मग तू खाणार काय?"

"गप बस. पोरं घेऊन रस्त्यावर जातोस व्हय?" म्हणत अण्णानं मागांचं मेन बटण खाली ओढलं.

सोमवारी तो माझ्या गाडीवर बसून मच्छेला आला, रोजंदारीवर. ज्यानं मला सुताची गाठ मारायला शिकवली, त्याला मी हजेरीच्या यंत्रावर अंगठा कसा टेकायचा ते दाखवत होतो. लई लाज वाटली मला. आयुष्यभर सूत ओढून त्याच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या. यंत्र घेईना. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. त्यानं शर्टाला अंगठा पुसला, टेकला, परत पुसला, परत टेकला.

मला बघवेना.