बिनतारखेची पत्रं

कागदावर तारीख नसली की घास घशाखाली उतरत नाही, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. हे साडू जवळा बाजारला राहतात. उभी हयात त्यांनी जिनिंगवर कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन बोटांत धागा ओढायचा आणि पहिल्या वेचणीचा की शेवटच्या, ते सांगून मोकळं व्हायचं. निवृत्त झाल्यावर त्या बोटांना काम उरलं नाही. त्यातच स्कूटरवरून पडून पाय मोडला आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात त्यांना तीन आठवडे पडून राहावं लागलं. उशाशी मराठीतला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, ठेवलेला होता. साडूंनी तो तीन दिवसांत वाचून काढला, आणि चौथ्या दिवशी रोग्यांची विचारपूस करायला आलेल्या म्हाताऱ्या पास्टरांना पहिला प्रश्न केला, "हे कवा लिहिलं?"

पास्टरांना बिचाऱ्यांना वाटलं, एक जीव मार्गाला लागतोय. पण यांना तारणाची घाई नव्हती, तारखेची होती. पास्टर खरोखरच मोठ्या मनाचे. त्यांनी आपल्या कपाटातलं जाडजूड पुस्तक आणून दिलं, आणि पुढचे अठरा दिवस त्या वॉर्डात शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चरित्रांच्या, काळावर अशी चर्चा झाली म्हणतात की शेजारच्या खाटेवरचा हर्नियाचा पेशंटसुद्धा घरी जाताना नव्या करारातली पौलाची पत्रं सगळ्यांत आधीची हे पाठ करून गेला. साडू कुबड्यांवर गावी परतले तर त्यांच्या आधी बातमी पोचलेली, की ते ख्रिस्ती झाले. भेटायला येणारा पायाकडे न बघता गळ्याकडे बघायचा. "मी काही बाटलो न्हाई," साडू शांतपणे सांगत, "मी निस्ती तारीख इचारून राहिलो." यावर लोकांचा विश्वास बसायला वर्ष गेलं, आणि बसला तेव्हा, बाटले असते तर बरं झालं असतं, असं म्हणायची पाळी आली. कारण आता ते भेटेल त्याला ती विद्या शिकवू लागले.

मलाही शिकवली. वसमतहून मी कधी गेलो की चहाच्या आधी मार्कचं शुभवर्तमान यायचं. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत मार्कची वाक्यंच्या वाक्यं सापडतात, कुठे कुठे त्याची ओबडधोबड भाषा घासूनपुसून घेतलेली दिसते, म्हणून बहुतेक विद्वान मार्क आधीचा मानतात. हे पटवायला त्यांनी एकदा भावकीतल्या दोन लग्नपत्रिका माझ्यापुढे ठेवल्या. एकीत 'आशीर्वाद' चुकीचा छापलेला, दुसरीत तो दुरुस्त, पण बाकी मजकूर अक्षर न् अक्षर तोच. "आता सांगा, कोणी कोणाचं पाहून छापलं?" मी सांगितलं. दुर्दैवाने दुसऱ्या पत्रिकेचे यजमान तिथेच बसले होते. इजिप्तच्या वाळूत तळहाताएवढे कागदाचे तुकडे सापडतात आणि नुसत्या अक्षराच्या वळणावरून जाणते त्यांचा काळ ठरवतात, हे सांगताना तर ते आपला तळहात पुढे धरून दाखवत. लगेच ते बजावायचे, की वळणावरून नेमकं वर्ष निघत नाही, पन्नासेक वर्षं इकडे की तिकडे, आणि जो याहून जास्त खात्रीनं बोलेल त्याच्या हातचा चहा पिऊ नये.

सगळ्यांत आवडता मुद्दा यरुशलेमच्या मंदिराचा. रोमन सैन्यानं ते पाडलं तो काळ ठाऊक आहे. मग ज्या शुभवर्तमानात ते पडण्याची गोष्ट येते, ते त्या सुमाराचं किंवा नंतरचं असावं, असं पुष्कळ जण मानतात. "एखाद्यानं लिहिलं की सिद्धेश्वरच्या धरणात मासे धरले, तर तो कागद धरणाआधीचा कसा असंल?" पास्टर यावर म्हणाले होते, की प्रभूला पुढचं आधीच दिसत असेल. "असंल," साडू म्हणाले होते, "म्हणून तर विद्वान अजून भांडून राहिले." दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली ती या 'असंल'मुळे. सगळीकडे मात्र हा शब्द कामाला आला नाही. शेजारच्या एका गावात, देवळातली पोथी पाचशे वर्षांची आहे असं अभिमानानं सांगितलं जात होतं. साडूंनी ती भक्तिभावानं वाचली आणि भर पंगतीत हळूच म्हणाले, बाराव्या अध्यायात भक्त आगगाडीनं येतो. त्यानंतर त्या गावातून अक्काला, म्हणजे साडूंच्या बायकोला, हळदीकुंकवाचं बोलावणं कधी आलं नाही.

अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण, चौथी शिकलेली, नवऱ्याच्या विद्येकडे पोळपाटावरून बघणारी. आमच्या सासऱ्यांचा, नानांचा, तिच्यावर फार जीव आणि जावयावर फार राग. असा बिनकामाचा वाचणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता. नानांना ऐकू कमी येई म्हणून ते फोनला हात लावत नसत, पत्र लिहीत, आणि तारीख कधी घालत नसत. चार वर्षांपूर्वी ते गेले. दिवस झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तर अक्काच्या नावाचं एक पत्र निघालं. 'तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात भुसा भरला आहे. दिल्या शब्दाची किंमत नाही. त्याचंच ऐकायचं असेल तर या घरी येऊ नको.' अक्काकडे नानांचं टपालानं आलेलं दुसरं एक पत्र होतं, त्यात 'हळद शिजवायला घेतली आहे, चार दिवस ये, तुझ्यावाचून घर सुनं' असं होतं. टपालाच्या शिक्क्याचं त्याचं पाकीट तिनं केव्हाच चुलीत घातलेलं. दोन्हींवर तारीख नाही. अक्का जेवेना. शेवटी साडूंसमोर दोन्ही कागद ठेवून तिनं विचारलं, यातलं मागून लिहिलेलं कोणतं ते सांगा.

आठ दिवस साडू त्या कागदांवर भिंग घेऊन बसले. मायेच्या पत्रात नाना अंगणातल्या कडुलिंबाखाली बसून लिहीत होते. रागाच्या पत्रात त्याच लिंबाचं लाकूड पडून होतं, जावई न्यायला येतो म्हणाला आणि आला नाही, अशी तक्रार होती. लिंब पडला तो वैशाखातल्या वादळात, नाना जाण्याच्या दोन महिने आधी. रागाच्या पत्रातलं अक्षरही थरथरतं झालेलं. मी साडूंना बाजूला घेऊन म्हटलं, सांगून टाका उलटं, कोणाला कळणार आहे? ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी त्यांनी अक्काला समोर बसवलं आणि खाली मान घालून सांगितलं, "रागाचं मागचं हाय. लाकूड न्यायचं मीच इसरलो होतो."

अक्कानं रागाचं पत्र हातात घेतलं. उलटंपालटं केलं.

"दोन महिने व्हते ना नानांपाशी?"

"व्हय."

"पोष्टाचा डबा तर त्यांच्या ओट्याला लागून हाय. मग टाकलं काहून न्हाई?"

साडूंनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "हे त्या पुस्तकात न्हाई." अक्का उठली आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी ताट वाढून घेतलं.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा साडू झोपले होते. मोतीबिंदूमुळे हल्ली वाचणं जवळजवळ बंद आहे. अक्कानं मला ती दोन्ही पत्रं दाखवली, एकाच पाकिटात ठेवलेली. साडूंनी शिस्तीप्रमाणे मागच्या कोपऱ्यात पेन्सिलनं आधी-नंतरचे एक आणि दोन असे आकडे घातले होते. ते तिनं खोडरबरनं पुसून टाकले होते, नीट पाहिलं तर खुणा दिसत होत्या. मी विचारलं, त्यांना ठाऊक आहे का? ती म्हणाली, ठाऊक आहे. रबर त्यांनीच शोधून दिलं.